एक रुपयाची ट्रान्सफर

हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये भांडणं तीनच विषयांवर होतात. रिमोट कुणाकडे, पंख्याखाली कोण, आणि कुठला खेळाडू कुठल्या क्लबला किती पैशांत गेला. पहिले दोन विषय ताकदीवर सुटतात. तिसरा कधीच सुटत नाही. लुईस फिगो २००० साली बार्सिलोना सोडून थेट कट्टर वैरी रेआल माद्रिदकडे गेला, त्यावर आपल्या मजल्यावर आजही दोन पार्ट्या आहेत. २००२ मध्ये तो बार्सिलोनाच्या मैदानावर परत खेळायला आला तेव्हा प्रेक्षकांतून डुकराचं मुंडकं भिरकावलं गेलं होतं. म्हणजे लोक ही गोष्ट किती मनाला लावून घेतात बघा! अमेरिकेत तर कॉलेजच्या फुटबॉलमध्येसुद्धा हा प्रकार रीतसर चालतो. २०१८ पासून तिथे त्यासाठी 'ट्रान्सफर पोर्टल' आहे. खेळाडूने नाव टाकायचं आणि दुसऱ्या कॉलेजने उचलायचं. आपल्याकडे कॉलेज बदलायचं म्हटलं तर लीव्हिंग, मायग्रेशन आणि विद्यापीठाच्या खेपा यातच एक सेमिस्टर जातं, ते सोडा.

तर मित्रांनो, या वर्षीच्या अंकात मला अशाच एका ट्रान्सफरची गोष्ट सांगायची आहे. ही ट्रान्सफर पुण्यात झाली, साधारण १८९२ च्या सुमारास. खेळाडू डावखुरा होता. जुन्या क्लबात त्याला महिना तीन रुपये मिळत, नव्या क्लबाने चार द्यायचं कबूल केलं. फरक एक रुपयाचा. पेपरात बातमी नाही, फोटो नाही. कारण हा माणूस खेळाडू म्हणून गेलाच नव्हता. तो मैदान झाडायला गेला होता.

त्यांचं नाव बाळू पालवणकर.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे नाव ऐकलेलं नसेल. मीही इंजिनिअरिंगला येईपर्यंत ऐकलं नव्हतं. पण 'लगान' सगळ्यांनी पाहिलाय. त्यातला कचरा आठवा. गावकरी ज्याला टीममध्ये घ्यायला तयार नसतात आणि ज्याच्या हातून चेंडू वळतो, तो. सिनेमा काल्पनिक आहे. बाळू पालवणकर मात्र खरे होते, आणि त्यांच्या आयुष्यात शेवटच्या चेंडूवर सगळे प्रश्न सुटले नाहीत.

पालवणकर हे आडनाव कोकणातलं. आपला रायगडचा किनारा धरून खाली गेलं की सावित्रीची बाणकोटची खाडी लागते. खाडी ओलांडली की रत्नागिरी जिल्हा. त्या जिल्ह्यातलं पालवण हे त्यांचं मूळ गाव. घर चांभाराचं, म्हणजे त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. कोकणातली अशी कितीतरी कुटुंबं तेव्हा पोटासाठी घाट चढून लष्कराच्या आसऱ्याला गेली. गावात ज्याची सावली चालत नाही त्याला पलटणीत निदान पगार मिळायचा. बाळूंचे वडीलही लष्कराच्याच नोकरीत होते. बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडचा, पण लहानपण गेलं पुण्यात. तिथे गोऱ्या साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि झिजलेले चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. कोच नाही, किट नाही. आपण किट बॅगेची चेन तुटली म्हणून जिमखान्याला अर्ज करतो.

पहिली नोकरी पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात. काम म्हणजे खेळपट्टी झाडणं आणि रोलर ओढणं. पगार तीन रुपये. कधी मेंबरांना सराव हवा असला तर दोन-चार चेंडू टाकायला मिळत. मग ती एक रुपयाची ट्रान्सफर झाली आणि ते पूना क्लबात आले. हा गोऱ्यांचा क्लब. इथे कामं वाढली. रोलर फिरवायचा, खेळपट्टीवर चुन्याच्या रेघा मारायच्या, नेट लावायचं, टेनिसची कोर्टं बघायची. आणि हे सगळं झाल्यावर साहेब लोकांना बोलिंग टाकायची.

त्या क्लबात जे. जी. ग्रेग नावाचे एक लष्करी अधिकारी होते. इंग्लंडमध्ये हॅम्पशायर काउंटीकडून खेळलेले, त्या काळच्या हिंदुस्थानातल्या उत्तम गोऱ्या बॅट्समनपैकी एक. त्यांच्या लक्षात आलं की हा मैदानावरचा पोरगा काही साधा नाही. ते बाकी मेंबरांच्या आधी तासभर येऊन एकटे बाळूंसमोर सराव करू लागले. बाळूंनी आउट केलं की दर वेळी आठ आणे बक्षीस, अशी आख्यायिका आहे. आता हिशोब करा. महिन्याचा पगार चार रुपये, म्हणजे आठ विकेट काढल्या की एक पगार. असा इन्सेंटिव्ह मिळाला तर आपण लोक सबमिशनसुद्धा वेळेवर करू.

पण या गोष्टीत एक मेख आहे. पूना क्लबात बाळूंनी शेकडो तास बोलिंग टाकली, पण त्यांच्या हातात बॅट कधी कुणी दिली नाही. बोलिंग म्हणजे घाम गाळायचं काम, ते नोकराने करावं. बॅटिंग म्हणजे साहेबी थाट. ग्रेगसारखा कौतुक करणारा माणूससुद्धा ही रेघ ओलांडत नव्हता.

त्यांची बोलिंग कशी होती? डावखुरी, संथ. मेकॅनिकलच्या मुलांना फिरणाऱ्या चेंडूवर हवेत काय बळ लागतं ते मॅग्नस इफेक्टच्या आकृतीसकट पाठ असतं आणि तरी नेटमध्ये चेंडू सरळच जातो. बाळूंनी आकृती पाहिली नव्हती. पण चेंडू दोन्हीकडे वळवणं, उंची कमी-जास्त करणं, वेग चोरणं हे सगळं त्यांच्या बोटांत होतं. टप्पा मात्र ठरल्या जागेवर. दिवसभर टाकायला सांगा, टप्पा हलायचा नाही. हे रोलर ओढून आणि तासन्‌तास फुकट बोलिंग टाकून आलेलं होतं.

याच सुमारास पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांना हरवायची ईर्षा होती. गोऱ्यांना रोज आउट करणारा माणूस गावातच होता, आणि तो हिंदूच होता. मग अडलं कुठे ते सांगायला नको. त्याला घ्यावं की नाही यावर क्लबात वाद झाला. काही मंडळी, विशेषतः तेलुगू सभासद, घ्या म्हणत होती. पुण्यातल्या काही उच्चवर्णीय सभासदांना ते मान्य नव्हतं. शेवटी ग्रेगसाहेबांनीच वर्तमानपत्रात मत दिलं की असा बोलर हातचा घालवणं हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. ज्याच्या विरुद्ध खेळायचं त्यानेच शिफारस केली! अखेर बाळू हिंदूंच्या संघात आले. ही त्यांची खरी पहिली ट्रान्सफर म्हणायला हरकत नाही, कारण इथे ते खेळाडू होते.

पण कुठपर्यंत? तर बाउंड्रीच्या रेघेपर्यंत. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावायचे. बाळूंनी टाकलेला चेंडू विकेटकीपर धरायचा, तोच चेंडू स्लिपमधून कव्हरला आणि कव्हरमधून परत बाळूंकडे यायचा. चेंडूला विटाळ नव्हता. टी-टाइम झाला की नियम बदलायचे. बाकीचे दहा जण पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपांतून चहा घ्यायचे. बाळूंचा चहा बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या मडक्यात. हात-तोंड धुवायचं तर मैदानाच्या एका कोपऱ्यात जायचं, तिथे अस्पृश्य समाजातलाच एखादा नोकर किटलीतून पाणी ओतायचा. जेवायला ताट वेगळं, टेबल वेगळं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा एक साधा प्रश्न पडला. सकाळपासून पाच विकेट काढलेला माणूस त्या मडक्यातला चहा पिताना कुठे बघत असेल? पॅव्हेलियनकडे की खेळपट्टीकडे? मला वाटतं खेळपट्टीकडे. कारण टी-टाइमनंतर तिथेच पुन्हा सगळे सारखे होणार होते.

पुण्याच्या हिंदू संघाने गोऱ्यांना हरवलं. साताऱ्यातल्या गोऱ्यांच्या जिमखान्याने बाळूंच्या फिरकीला उतारा म्हणून खेळपट्टी मुद्दाम कडक करून घेतली, तरी तिथेही बाळूंनी विकेट काढल्याच. मग कौतुक सुरू झालं. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी त्यांचा जाहीर सत्कार केला आणि सोबत खेळता येतं तर सोबत जेवायला काय हरकत आहे, असा विचार पुण्याच्या मंडळींपुढे ठेवला. पुढे लोकमान्य टिळकांनीही त्यांचा गौरव केला. पुण्यात त्या काळी या दोन टोकांच्या माणसांचं एकमत होणं किती दुर्मीळ होतं हे इतिहासवाल्यांना विचारा.

एकोणिसावं शतक संपता संपता पुण्यात प्लेग आला. त्या धामधुमीत पालवणकर कुटुंब मुंबईला आलं. बाळू काही काळ ११२ व्या इन्फन्ट्रीत होते, पलटणीच्या संघातून खेळले. मग बी. बी. सी. आय. रेल्वेत, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या जुन्या कंपनीत नोकरी धरली आणि रेल्वेच्या संघातून खेळू लागले. नोकरी आणि खेळ असं जोडून येणं हे आज रेल्वेच्या खेळाडूंचं आपण बघतो, ती वाट इतकी जुनी आहे. मुंबईत परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने त्यांना संघात घेतलं. तिथेही आधी काही सभासदांनी नाकं मुरडलीच. पण मुंबईला जिंकायचं होतं.

मोजा बरं. पारशी क्लब, पूना क्लब, पुण्याचे हिंदू, पलटण, रेल्वे, मुंबईचा हिंदू जिमखाना. सहा संघ. यातल्या पहिल्या दोन ठिकाणी ते नोकर होते. बाकीच्या ठिकाणी त्यांना घेताना प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता, आणि तो त्यांच्या बोलिंगबद्दल नव्हता.

फेब्रुवारी १९०६. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. या जिमखान्यात हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हतं, खेळायला मात्र बोलावत. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ केल्या, गोऱ्यांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदू १६० वर आटोपले. समोरच्यांना २१२ हव्या होत्या. ते १०२ मध्ये गारद. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळू आणि शिवराम दोघे भाऊ या संघात होते आणि बाळूंच्या बोलिंगचा या विजयात मोठा वाटा होता. काळ लक्षात घ्या. बंगालची फाळणी होऊन जेमतेम चार महिने झाले होते, स्वदेशीची हवा होती. अशा वेळी राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात, त्यांच्याच मैदानावर हरवलं. मुंबईत जल्लोष झाला. पुढच्या वर्षी, १९०७ ला, पुन्हा हरवलं. त्याच वर्षापासून पारशी, युरोपियन आणि हिंदू अशी तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ ला मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी झाली.

या विजयानंतर एक गोष्ट बदलली. मुंबईच्या हिंदू जिमखान्यात बाळू आता बाकीच्यांबरोबर बसून खाऊ-पिऊ लागले. समाजसुधारकांच्या पत्रांनी याची खास दखल घेतली. शंभर व्याख्यानांनी जे झालं नाही ते एका मॅचने केलं, असं म्हणायचा मोह होतो. पण तसं म्हणू नका. एक पॅव्हेलियन उघडलं होतं, गावं बंदच होती.

१९११ साली पतियाळाच्या महाराजा भूपिंदर सिंगांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. यात हिंदू, पारशी, मुसलमान, शीख सगळे होते. संघ तसा कच्चाच निघाला. लहान-मोठे मिळून तेवीस सामने खेळले, त्यात पंधरा हरले. महाराजा मैदानापेक्षा मेजवान्यांत जास्त दिसले. पण एका माणसाने ओव्हरवर ओव्हर टाकत दौरा ओढून नेला. बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ विकेट घेतल्या, सरासरी १८.८४. वय पस्तिशी ओलांडलेलं, खांदा दुखत होता. लेस्टरशायरविरुद्ध एकाच सामन्यात ११ विकेट काढल्या आणि सामना जिंकून दिला. सॉमरसेटविरुद्ध संघ एका विकेटने जिंकला, त्यात शिवरामने नाबाद ११३ केल्या आणि बाळूंनी ५५. म्हणजे ज्याला पूना क्लबने बॅट दिली नव्हती, त्याने इंग्लंडमध्ये मॅच वाचवणारी अर्धशतकी खेळी केली!

त्या काळात इंग्लंडमध्ये काउंट्या पगारी बोलर ठेवत. कोळशाच्या खाणीतला, गिरणीतला पोरगा चांगली बोलिंग टाकतो म्हटल्यावर काउंटी त्याला उचलायची. तिथेही भेदभाव होताच. पगारी खेळाडू आणि हौशी साहेब यांची ड्रेसिंग रूम वेगळी असायची, गेटही वेगळं असायचं. पण बाळू तिथे जन्मले असते तर त्यांच्या नावापुढे काउंटीचं नाव लागलं असतं आणि विकेटचा आकडा चार अंकी असता, एवढं नक्की. आपल्याकडे त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीचे जेमतेम ३३ सामने आहेत. त्यात १७९ विकेट, सरासरी १५.२१. सामनेच कमी व्हायचे हो. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ ला झाला, तोवर ते पन्नाशीच्या पुढे गेले होते.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्कारात तरुण भीमराव आंबेडकरांचा पुढाकार होता, असं सांगितलं जातं. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारा हा विद्यार्थी वयाने बाळूंहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. त्या पिढीतल्या दलित मुलांसाठी बाळू पालवणकर म्हणजे काय असतील याची कल्पना करा. वर्तमानपत्रात आपल्यातल्या एका माणसाचं नाव येतं, आणि ते चांगल्या कारणाने येतं.

आता कर्णधारपदाची गोष्ट. बाळू हिंदू संघातले सगळ्यात अनुभवी खेळाडू. शिवराम होता, मागून विठ्ठल आणि गणपत हे धाकटे भाऊही संघात आले. पण कॅप्टन निवडायची वेळ आली की दर वर्षी दुसरंच नाव पुढे यायचं. खुद्द कर्णधार एम. डी. पै यांनी एका सत्कारात मोकळेपणाने कबूल केलं होतं की हा मान खरं तर बाळूंचा आहे. चांगली गोष्ट. पण मान कुणी दिला नाही.

१९२० ला हे प्रकरण फुटलं. त्या वर्षी बाळूंना संघातून वगळलं. पै आजारी होते, त्यांच्या जागी कर्णधार नेमताना विठ्ठललाही डावललं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतलं. कारण त्यांनी स्पष्ट सांगितलं : निवड खेळावर नाही, जातीवर होते आहे. मुंबईत चर्चा झाली, वर्तमानपत्रांत पत्रं आली. निवड समितीला नमतं घ्यावं लागलं. पुढच्या सामन्याला भाऊ परत आले आणि बाळूंना उपकर्णधार केलं. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ संघ बाळूंच्या हाती आला. चव्वेचाळीस-पंचेचाळिसाव्या वर्षी, काही तासांची कप्तानी. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले आणि त्यांनी संघाला जिंकूनही दिलं. पुढे विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. थोरल्याने दार ढकललं, धाकटा आत गेला.

इथे मला ट्रान्सफरचा मूळ मुद्दा पुन्हा आठवतो. आजचा खेळाडू कप्तानी मिळाली नाही, बेंचवर बसवलं, की एजंटला फोन करतो. बाळूंना जायला जागाच नव्हती. संघ धर्मावर होते. पारशी, युरोपियन, मुस्लिम, हिंदू. त्यांनी हिंदू संघ सोडायचा तर जायचं कुठे? हाच प्रश्न मैदानाबाहेर सगळ्या अस्पृश्य समाजापुढे होता. ज्या संघात आपल्याला मडक्यातून चहा देतात त्याच संघात राहून हक्क मागायचा, की संघच बदलायचा?

या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात घडलं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर आलेले हजारो लोक पाणी प्यायले. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जायचा. तळं नगरपालिकेचं, ठराव करून सगळ्यांना खुलं केलेलं, तरी पाणी पिता येत नव्हतं. महाडला एस.टी.ने जाताना ते तळं दिसलं की मला मैदानाच्या कोपऱ्यातली ती किटली आठवते. प्रश्न पाण्याचाच होता. एका माणसाला ते वरून ओतून मिळत होतं, आणि महाडला लोकांनी ते ओंजळीने घेतलं.

पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९३२ ला ब्रिटिश सरकारने अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ जाहीर केले. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात त्याविरुद्ध उपोषण सुरू केलं. तेव्हा आंबेडकरांशी बोलणी करणाऱ्यांत बाळू होते आणि २४ सप्टेंबरच्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३३ मध्ये ते मुंबई महापालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. १९३५ ला येवल्यात आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. बाळूंना हा मार्ग पटला नाही. त्यांचं म्हणणं आत राहूनच बदल घडवायचा. आणि मग १९३७ साली मुंबईच्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उमेदवार दिला, तो बाळू पालवणकर. ज्याच्या सत्काराला तो तरुण हौसेने पुढे झाला होता, तोच आता समोर उभा. निकाल लागला. आंबेडकर १३,२४५, बाळू ११,२२५. फरक २,०२० मतांचा.

यात कोण बरोबर आणि कोण चूक हे ठरवायचा माझा अधिकार नाही. इतिहासाने आंबेडकरांना नायक ठरवलं आणि ते योग्यच झालं. पण म्हणून बाळूंचा विचार करायचंच सोडून द्यावं का? मला त्यांची बाजू कळते. ज्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पॅव्हेलियनचं दार उघडताना पाहिलं, मडकं जाऊन कप आलेला पाहिला, भावाला कर्णधार झालेलं पाहिलं, त्याला वाटणारच की संघ बदलायची गरज नाही, चांगला खेळ करत राहा, हळूहळू होईल. आणि आंबेडकरांचीही बाजू कळते. डावखुरी फिरकी सगळ्यांना येत नाही. ज्याला अकरा विकेट काढता येत नाहीत त्याने पाणी कुठे प्यायचं?

हा शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. माणसाला माणसासारखं वागवायला तो मॅच विनर असावा लागतो का?

बाळू पालवणकर ४ जुलै १९५५ ला मुंबईत गेले. त्यांच्या अंत्यदर्शनाला जुने-नवे क्रिकेटपटू आले होते. त्यानंतर मात्र हे नाव विस्मरणात गेलं. कसोटी खेळले नाहीत म्हणून क्रिकेटवाल्यांनी विसरलं, आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले म्हणून चळवळीनेही फारसं जवळ केलं नाही. २००२ मध्ये रामचंद्र गुहांनी भारतीय क्रिकेटच्या इतिहासावरच्या आपल्या इंग्रजी पुस्तकात त्यांची गोष्ट सविस्तर सांगितली, तेव्हा पुन्हा थोडी चर्चा झाली. मुंबईत प्रभादेवीला पी. बाळू मार्ग अशी पाटी आहे. पुढच्या वेळी इंटरव्ह्यूसाठी दादरला उतरलात तर जाऊन बघा.

लेख इथे संपवता आला असता. पण एक गोष्ट राहिली, ती आपल्या ग्राउंडवरची आहे.

संध्याकाळी प्रॅक्टिसला मेसमधला एक पोरगा येतो. नाव देत नाही, सगळ्यांना माहीत आहे. भांडी आवरून, हात पुसत पुसत. तोही डावखुरा. खाडीवरून वारा सुटला की त्याचा चेंडू असा काही आत येतो की आमच्या ओपनरची पंचाईत होते. मागच्या वर्षी इंटर-कॉलेजच्या आधी आठवडाभर त्यानेच आम्हाला बोलिंग टाकली. टीममध्ये तो नव्हता. आयकार्ड लागतं, नियम आहे, आणि नियम बरोबरच आहे. आम्ही जिंकलो. रात्री हॉस्टेलसमोर ग्रुप फोटो काढला. तो फोटो नोटीस बोर्डावर अजून लावलेला आहे. अकरा प्लेयर, चार राखीव, सर, आणि कप. पोरगा त्यात नाही. कारण कॅमेरा त्याच्या हातात होता.

त्याला फोटोत घ्यायला कुणी विरोध केला नव्हता. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. लक्षातच आलं नाही. माझ्याही नाही, मी तर पहिल्या रांगेत गुडघ्यावर बसलोय. बाळूंबद्दल वाचलं त्या रात्री नोटीस बोर्डापाशी जाऊन तो फोटो पुन्हा पाहिला, तेव्हा कळलं.

तेव्हा जिमखाना सेक्रेटरी आणि रेक्टर सरांना या अंकातून एक जाहीर विनंती. या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये हॉस्टेल विरुद्ध मेस आणि ग्राउंड स्टाफ अशी एक मॅच ठेवा. टेनिस बॉलची चालेल. पंधरा ओव्हर पुरे. त्यांच्या टीमचा कॅप्टन कोण ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. चहा दोन्ही टीमनी एकत्र घ्यायचा, आणि त्या दिवशी तो आपण करायचा. फोटो सरांनी काढावा.

हरलो तर रडायचं नाही. आपल्या ओपनरने आतापासून डावखुऱ्या बोलिंगची तयारी सुरू करावी.